स्टेपनीचं कुलूप

अंजूरच्या केसरीनाथ शेठची जीप मी चालवतो. काळूराम ड्रायव्हर म्हटलं की भिवंडीच्या नाक्यापर्यंत कुणीही ओळखेल, आणि ओळखल्यावर पुढं एक वाक्य हमखास जोडेल, "लई इमानदार माणूस." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. का जाते ते आज सांगतो. मध्ये बोलू नका.

जीप जुनी, लष्कराच्या लिलावातली. स्टेपनी मागच्या अंगाला बाहेर टांगलेली, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेला पडणारी. बहात्तर साली शेठना घेऊन भिवंडीत गेलो होतो. एका लूमवाल्याशी जागेचं बोलायला ते आत बसले. दोन तास झाले तरी बाहेर येईनात, म्हणून मी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो. एक चहा, बाकी काही नाही. परत येऊन बघतो तर स्टेपनी गायब, चोरट्यानं नटसुद्धा मागे ठेवले नव्हते.

शेठ तिथं एक अक्षर बोलले नाहीत. गावात आल्यावर बोलले, त्यांच्या घरासमोरच्या देवळाच्या पायरीवर पंधरा माणसं बसली असताना. म्हणाले, "काळूराम, कितीला इकलीस?"

मला वाटलं थट्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर थट्टा नव्हती. पंधरा माणसं, त्यात माझे दोन चुलते, सगळे मूग गिळून बसले. बोलली ती एकटी धोंडूबाई, शेठची आई. आवाज ऐकून ती ओटीवर आली होती. "केसरी, जीभ सांभाळ. काळू चोर न्हाय. आय मेल्यावर त्याला मी भाकर घातलीय, मला म्हाईत हाय तो कसा हाय ते."

खरंच घातली होती. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. धोंडूबाईला मी आये म्हणायचो, अजून दुसरा शब्द येत नाही तोंडात.

आईपुढं शेठ गप्प बसले, पण मनातून गेलं नाही त्यांच्या. नवी स्टेपनी आली ती साखळी घेऊनच आली. साखळी रिंगमधून ओवून बॉडीच्या कडीला अडकवली आणि वर लिंबाएवढं पितळी कुलूप. चावी शेठच्या करदोड्याला, तिजोरीच्या चावीशेजारी. मला सांगितलं, "कुलपाला वरखडा जरी दिसला ना, तर सरळ फौजदाराकडं देईन तुला." पोरं जीपमागं धावायची आणि विचारायची, काळूदादा, कुत्रा चावतो काय हो? मी हसायचो. हसल्याशिवाय इलाज काय.

आता कामाचं ऐका. त्या सालांत नवा टायर म्हणजे नंबर लावून मिळणारी चीज, म्हणून शेठच्या जिवावर यायचं तो रस्त्यावर घालायला. नवा कोरा टायर मागं साखळीत लटकलेला आणि पुढच्या डाव्या चाकाला असा गुळगुळीत टायर, की बाजूनं आतले दोरे दिसायला लागलेले. मी चार वेळा सांगितलं. शेठ, मागचा फुटला तर गाडी नुसती डुलते, पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. नवा पुढं घाला, हा मागं टांगा. तर म्हणायचे, "चालतंय तवर चालव. स्टेपनी वेळेला लागते." दसऱ्याला मात्र स्वतः कुलूप काढायचे, समोर उभं राहून तिच्यात हवा भरून घ्यायचे, हळदकुंकू लावायचे, आणि परत कुलूप. मी बाजूला उभा, पाहुण्यासारखा.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात, होळीच्या आधी चार दिवस, आये खळ्यावर उडवीतनं पेंढा उपसत होती. घोणस चावली, पोटरीला. मी जीप धूत होतो. नवशा, म्हणजे त्यांचा शेतावरचा गडी, धावत सांगत आला. मालकीण माहेरी गेलेली, शेठ सकाळच्या एस्टीनं भिवंडीला कचेरीत. आळीतल्या बायका भगताला बोलवा म्हणून ओरडत होत्या. आयेनंच त्यांना गप्प केलं. "भगत नको. काळू, मला दवाखान्यात ने. तिथं सुई देतात." पासष्टीची बाई, पाय सुजायला लागलेला, पण डोकं सगळ्यांपेक्षा ठिकाणावर.

बारा वाजता निघालो. मागं गोधडीवर आये, तिच्याशेजारी नवशा. मी गाडी पळवली. त्या रस्त्यावर, त्या टायरवर पळवायची नसते हे मला कळत होतं, पण काय करणार. अर्ध्या वाटेवर, भातशेतांच्या मधोमध, पुढचा डावा फुटला. गाडी बांधाकडं ओढत गेली. कशीबशी आवरली.

खाली उतरलो. दुपारचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवशा म्हणाला, "काय करू?"

इथं माझ्या तोंडून काय निघालं ते सांगतो. 'पळत जा आणि मिळेल ती गाडी घेऊन ये' असं निघायला पाहिजे होतं. निघालं ते, "कचेरीत जा. शेठना सांग, स्टेपनीची चावी घेऊन या."

नवशा भोळा. चावी म्हटलं, चावी. टॉवेल डोक्याला बांधून पळत सुटला.

मग मी कामाला लागलो. मागच्या चाकांना दगड लावले. गाडी उचलायच्या आधी नट सैल करून घेतले. जुन्या जीपचे डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात, नवखा माणूस सवयीनं जोर लावतो आणि बोल्ट तोडून बसतो. मी तोडला नाही. जॅकखाली फळी ठेवली, गाडी उचलली, फुटलेलं चाक काढून बाजूला आडवं टाकलं. दहा मिनिटांत सगळं तयार. फक्त स्टेपनी लावायची होती, आणि स्टेपनी आयेच्या डोक्यापासून हातभर लांब टांगलेली.

मी बांधावर बसलो, पाना मांडीवर घेऊन.

आये म्हणाली, "काळू, तोड ते कुलूप."

मी म्हटलं, "आये, तुमच्या पोराचा हुकूम हाय. फौजदाराकडं देईन म्हणालेत."

"मी त्याची आय हाय. मी सांगते ना तुला. तोड."

"नवशा गेलाय, आये. चावी येईल आता."

आये कोपरावर उठली आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो. म्हणाली, "त्याचा राग हाय तुला. आसू दे. पन तो माज्यावर काढतोस व्हय रे?"

तेव्हा उठलो मी. खोटं नाही सांगत, उठलो. टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, हातात घेतली, मागं गेलो, साखळीला हात लावला. आणि डोळ्यांपुढं आली ती देवळाची पायरी, ती पंधरा तोंडं. कितीला इकलीस. मनात म्हटलं, नाही. येऊ दे त्याला. चावी हातात घेऊन पळत येऊ दे, सगळ्या भिवंडीनं बघू दे, की केसरीनाथ शेठच्या आईला त्याच्याच कुलपानं रस्त्यात धरून ठेवलंय. अर्धा तास लागेल फार तर. अर्ध्या तासानं काय होतंय.

टॉमी परत ठेवून दिली. आयेनं ते बघितलं. त्यानंतर ती कुलपाबद्दल एक शब्द बोलली नाही. एकदा पाणी मागितलं, मी दिलं. चूळ भरून टाकली तर त्यात रक्त होतं. तरीही मी उठलो नाही. आता उठलो तर आधी का नाही उठलास असं होईल, असा काहीतरी विचार डोक्यात. माणूस किती हलकट होऊ शकतो बघा, आणि तेही बसल्या जागी, काहीही न करता.

अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले. शेठ कचेरीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होते, नवशाला सापडेनात. शेवटी टांग्यातून आले. टांगा थांबायच्या आधीच उतरले, धोतर सावरत पळत आले. करदोड्याची गाठ सुटेना. आईचं तोंड बघून मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. शेवटी दातांनी दोरा तोडला आणि चावी माझ्या हातात दिली.

हेच मला बघायचं होतं. बघून झालं.

स्टेपनी भरलेली होती, टणक, दसऱ्याचं कुंकू अजून कडेला चिकटलेलं. आठ मिनिटांत चाक बसवून मी गाडी हाणली. मागं शेठ आयेचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते रडत विचारत होते, "आये, काळूला सांगायचं ना कुलूप तोडायला. तू सांगितलं आसतंस तर त्यानं तोडलं आसतं."

मी आरशात बघितलं नाही.

आये म्हणाली, अगदी हळू, पण मला ऐकू आलं, "मला सुचलंच न्हाय रं. त्याला काय बोलू नको. तू भ्या घातलंस त्याला."

दवाखान्यात डॉक्टरनं पहिलं विचारलं ते किती वाजता चावला, आणि उत्तर ऐकून तो शेठकडं बघतच राहिला. शेठ म्हणाले, टायर फुटला. सुया दिल्या, बाटली लावली. दिवेलागणीला आये गेली.

बाराव्याला सगळा गाव जमला. त्याच देवळासमोर, तीच माणसं, माझे चुलतेही होते. जेवणं झाल्यावर शेठ उभे राहिले. करदोड्याची ती चावी काढून त्यांनी माझा हात धरला आणि हातावर ठेवली. म्हणाले, "मी याला चोर म्हटलं व्हतं, तुमच्यासमोर. आज तुमच्यासमोरच सांगतो. समोर माजी आय मरत व्हती तरी यानं माज्या कुलपाला हात लावला न्हाय. आसा इमानदार मानूस मला सात गावांत मिळायचा न्हाय. मी पापी, त्याच्यावर शक घेतला." आणि त्यांनी हात जोडले, मला. लोकांनी माना हलवल्या. एक चुलता तर डोळे पुसायला लागला.

दोन वर्षं मी याच गोष्टीची वाट बघत होतो. स्वप्नातसुद्धा हेच बघायचो, हेच देऊळ, हेच लोक, शेठचे जोडलेले हात. आता मिळालं, तर नको झालं. सांगून टाकावं असं वाटलं. आयेनं सांगितलं होतं हो, दोनदा सांगितलं होतं, मीच तोडलं नाही. पण ती जाता जाता जे बोलली ते मग खोटं ठरलं असतं सगळ्यांसमोर. निदान मी स्वतःला तसं समजावलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही.

ते दहा-बारा दिवस मी एकच गोष्ट घोकत होतो. पितळेचं कुलूप होतं, जाड होतं. मी जोर लावला असता तरी कदाचित तुटलं नसतं. टॉमी वाकली असती, वेळ फुकट गेला असता, आये तशीच गेली असती. रात्री झोप लागायची ती हे घोकूनच.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप धुवायला खळ्यावर नेली. कुणी नव्हतं. चावी खिशात होती, काढली नाही. टॉमी घेतली, कुलपाच्या कडीत घातली, आणि एक हिसका दिला.

पहिल्याच हिसक्याला तुटलं.

तुकडे गोळा करून खाडीत टाकले. त्याच दिवशी भिवंडीच्या बाजारातून तसंच लिंबाएवढं पितळी कुलूप आणून साखळीला लावलं. त्याची चावी आता माझ्या करदोड्याला असते. शेठना अजून ते जुनंच वाटतं. दसऱ्याला ते त्यालाही कुंकू लावतात, आणि आलेल्या पाहुण्यांना ती आयेची गोष्ट सांगतात, माझ्या खांद्यावर हात ठेवून.