पन्नास किलोमीटर धावलेली स्टेपनी

"काका, ह्यो टायर दिसतोय तर लय भारी, पण थांबतोय का?"

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही. मला तोंड कुठलं! तो क्रांतीचा आहे, आणि खरं सांगायचं तर तिचाही नाही. पूजा आणि पल्लवी या तिच्या वर्गमैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या तोंडात घातला होता. मलकापुरात हमरस्त्याच्या कडेला दादासोंचं टायरचं दुकान आहे. तिथे कायम चार-सहा गडी चहाचे कप घेऊन उभे असतात, आणि मुली ते दुकान दिसलं की पलीकडच्या बाजूने जातात. त्या दिवशी क्रांती मला हवा भरायला ढकलत तिकडे नेत होती. मैत्रिणी म्हणाल्या, नुसती हवा भरून आलीस तर तू भित्री. आत जा, तो मोठ्या दातांचा टायर दाखव आणि हे विचार.

ती गेली आणि तिने विचारलं. सगळे गडी हसले.

मी एक जुनी स्टेपनी आहे. ऊसरोपांची नर्सरी आहे क्रांतीच्या घरची, तिथल्या पिकअपची मी. चौघांपैकी एखाद्याला काही झालं तर लागेल, म्हणून गाडीच्या पोटाखाली साखळीने टांगलेली. तुम्ही गाडी बघता तेव्हा मी दिसत नाही. दिसावी अशी माझी सोयच केलेली नाही.

पण साच्यातून निघालो तेव्हा आम्ही पाचही जण सारखे होतो, हे लिहून घ्या. तोच काळा कुळकुळीत रंग, त्याच लांब रेघांची नक्षी, अंगावर तेच केसांएवढे रबराचे कोंब. मग चौघांना रस्त्यावर लावलं आणि मला पोटाखाली. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, मला आजतागायत कळलेलं नाही. परीक्षा न घेताच नापास.

चौघे सांगलीला गेले, इस्लामपूरला गेले, साताऱ्याला, फलटणला गेले. मीही गेले की! पण धावत नाही, लोंबकळत. त्यांनी उडवलेला चिखल माझ्या तोंडावर. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, चौघांना हळदकुंकू, चौघांखाली लिंबू. माझ्यासाठी कोण वाकणार? एका वर्षी क्रांतीने गाडीखाली सरपटत येऊन माझ्या साखळीत झेंडूचं फूल अडकवलं होतं. पहिल्याच खड्ड्याला पडलं. पडलं तर पडलं, अडकवलं होतं हे महत्त्वाचं.

तर परत दुकानात चला. दादासो हसत नव्हते, पण डोळे मिटल्यासारखे करून म्हणाले, "पोरी, टायर थांबत नसतोय. ब्रेक थांबवतंय गाडी." गडी पुन्हा हसले. क्रांतीचे कान लाल झाले. ती मला घेऊन दारापर्यंत आली, बाहेर दोघी तोंडावर ओढणी धरून उभ्या होत्या. पैज जिंकली होती, घरी जायला हरकत नव्हती. पण ही पोरगी दारातून माघारी वळली.

"काका, ब्रेक चाक थांबवतंय. मग चाक थांबल्यावर गाडी कोण थांबवतंय?"

आता कुणी हसलं नाही. दादासोंनी हात फडक्याला पुसले आणि तिला तीन टायर दाखवले. पहिला माझ्यासारखा, रस्त्याचा. दुसरा तो मोठ्या दातांचा, चिखलाचा. त्याचा तळवा बघितला तर दात लांब लांब, मध्ये मोकळी जागा. दादासोंनी आपला पंजा बोटं फाकवून टेबलावर ठेवला, मग बोटं जुळवून ठेवला. ओल्या डांबरावर जेवढं रबर टेकतं तेवढीच तुझी पकड, म्हणाले. तिसरा टायर मधल्या जातीचा. मधोमध नक्षी दाट, कडेला दात, आणि गाल जाड. गाल म्हणजे टायरची बाजू. कुणी काय मागावं हे ज्याने त्याने ठरवावं, आपण मागेल ते देतो, असं म्हणून त्यांनी माझ्यात हवा भरली.

हे सगळं तिने का विचारलं, तेही सांगते. चौघे टायर गुळगुळीत झाले होते. जुलै-ऑगस्टला आडसाली उसाची लागण सुरू होते आणि नर्सरीचा वर्षाचा धंदा त्या दोन महिन्यांत होतो. गाडी चालवते क्रांतीची आई, अंजना. वडील शंभूराज फौजेत हवालदार, सुट्टीवर आलेले, सुट्टीचे पाच दिवस उरलेले. परत जायच्या आधी नवे टायर घालून द्यायचे, हे त्यांनी ठरवलं होतं. कुठले घालायचे, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

शंभूराज वाईट माणूस नाही. त्याने बर्फात ट्रक चालवलेत, दरडीच्या चिखलातून माणसं काढलीत. तिथे मोठ्या दातांनी त्याचा जीव वाचवलाय, म्हणून त्याला दुसरा टायर दिसतच नाही. फौजेतून आलेल्या आमच्याकडच्या पुष्कळ माणसांचं हेच होतं. त्यांचा डोंगर त्यांच्याबरोबर घरी येतो. क्रांतीने मधल्या जातीचं नाव काढलं तर म्हणाला, ते अर्धवट, ना धड हिकडचं ना धड तिकडचं. आणि माझ्या पाठीवरून बूट फिरवून म्हणाला, "दात न्हाईत तो टायर न्हवं. नुसती रबरी बांगडी."

बांगडी! मी त्याच्याकडे बघितलं असतं, डोळे असते तर.

क्रांतीने आईच्या वहीतली रोपं पोचवल्याची गावं काढली आणि वडिलांसमोर वाचली. आष्ट्याला जायला पन्नास किलोमीटर, त्यात शेताची वाट एक. फलटणला त्याहून दुप्पट लांब, त्यात शेताची वाट दीड. शंभूराजने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या एका किलोमीटरला गाडी रुतली तर उरलेलं एकोणपन्नास काय चाटायचं हाय?" अंजना रोपांना पाणी मारत होती.  तिच्या पाण्याची धार जरा जोरात झाली.

दुसऱ्या दिवशी मागच्या दोन्ही चाकांना दातांचे टायर चढले. बघा चालवून, पसंत पडले तर पुढचे दोन घाला, असं दादासो म्हणाले. स्टेपनी यांना जुळणार नाही, हेही म्हणाले. शंभूराज म्हणाला, मग हिला पाण्याच्या टाकीखाली घालू. म्हणजे आधी पोटाखाली, मग टाकीखाली. माझ्या नशिबात खालीच राहायचं होतं. पण त्या दिवसापुरती तरी मी अजून साखळीलाच होते.

त्याच दिवशी आष्ट्याच्या रंगुबाईंकडे रोपं न्यायची होती. गाडीत ट्रेचे मजले लावले, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, उभी असलेली वीतभर उंचीची कोवळी रोपं. अंजना चालवायला, मध्ये क्रांती, कडेला शंभूराज. पाऊस रिपरिपत होता. गाडी हमरस्त्याला लागली आणि मागून भुंग्यासारखा घुंऽऽ आवाज सुरू झाला. साठच्या पुढे गेल्यावर तर माझ्या साखळीची कडी न् कडी थरथरायला लागली. माझ्या डोक्यावर ट्रे होते, तेही थरथरत होते. ट्रेंची ती थरथर मला कळत होती, वरच्यांना नाही, कारण शंभूराज फौजेतल्या गोष्टी सांगत होता.

पेठ नाक्याला पुढचा दुधाचा टँकर अचानक थांबला. अंजनाने ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग डावीकडे सरकलं, मोठ्या म्हशीने ढुंगण वळवावं तसं, आणि टँकरपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.  फौजेतली गोष्ट अर्धीच राहिली.

आता खोटं बोलणार नाही. रंगुबाईंच्या शेताची वाट चिकट काळ्या मातीची, पावसाने भिजलेली, आणि तिथे ते दात झकास चालले. माझ्या गुळगुळीत झालेल्या भावंडांनी तिथे लोळण घेतली असती. शंभूराज खिडकीतून बाहेर वाकून चाकाकडे बघत राहिला, पोरगा पहिला आल्यासारखा. तेवढ्यात बांधावर तोडलेल्या उसाचं टोकदार खुंट होतं ते मागच्या उजव्या चाकाच्या गालात घुसलं. फुस्स! दात जाड होते, गाल पातळ होता.

रंगुबाई छत्री घेऊन आल्या. साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर ऊस त्यांच्या हाताखालून गेलेला. रोपं घेताना त्यांची एक रीत आहे. कुठल्याही ट्रेतलं एक रोप मानेला धरून वर ओढायचं. मुळ्यांसकट गड्डा अख्खा बाहेर आला तर माल चांगला. त्यांनी ओढलं. रोप हातात आलं, कोकोपीट ट्रेतच राहिलं, सुटं, भुगा झालेलं. दुसरं ओढलं, तसंच. मागच्या चाकांवरच्या सगळ्या ट्रेंची तीच गत.

"अंजना, चिखलातनं आलीस खरी," त्या म्हणाल्या, "पण पोरं रस्त्यातच मारलीस की गं." त्यांनी पुढच्या बाजूचे ट्रे ठेवून घेतले, मागचे परत दिले. आणि शांतपणे सांगितलं, पुढच्या खेपेला असंच आलं तर इस्लामपूरच्या नर्सरीतून घेईन. त्यांच्या भावकीतले बारा जण त्यांचं बघून रोपं घेतात.

आणि मग, मित्रांनो, साखळी सुटली. माझी!

शंभूराजने चिखलात गुडघे टेकून मला चाकाच्या जागी बसवलं. त्याच्या हातात कसब आहे, नट कसे एकाआड एक आवळायचे ते त्याला बरोबर ठाऊक. पलीकडचा दातवाला माझ्यापेक्षा बोटभर उंच, त्यामुळे गाडी थोडी तिरकी उभी राहिली. चाळीसच्या पुढे जायचं नाही, असं तो अंजनाला म्हणाला. आणि मी आठ वर्षांत पहिल्यांदा रस्त्याला टेकले.

डांबर! गरम नव्हतं, ओलं होतं, पण डांबर होतं. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. मी बांगडी, मी गोल गोल फिरत होते आणि एक टनाची गाडी माझ्यावर घरी चालली होती. इस्लामपूरच्या पुढे अंजना एवढंच म्हणाली, "उजवीकडचा आवाज ग्येला बघा." शंभूराज खिडकीबाहेर बघत म्हणाला, व्हय.

पण एक गोष्ट मी लपवणार होते, ती सांगून टाकते. पेठ नाक्याच्या चढाला ओल्या रस्त्यावर मीही वीतभर घसरले. पाठीवरची नक्षी शाबूत, एकही रेघ झिजलेली नाही, तरी घसरले. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं.

घरी आल्यावर क्रांतीने मला काढून घासून धुतलं. गालावरून बोट फिरवताना ती थांबली. तिथे चार आकडे कोरलेले होते, एकतीस आणि सतरा. तिने फोनवर शोधून काढलं: दोन हजार सतरा सालातला एकतिसावा आठवडा. माझी जन्मतारीख. मग तिने माझ्या पाठीवर अंगठा दाबून बघितला आणि रेघांच्या तळाशी केसांसारख्या चिरा बघितल्या. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, हे तिने वाचून मैत्रिणींना सांगितलं. पल्लवी म्हणाली, अरेरे, बिचारी. मला राग आला.

बिचारी म्हणू नका. म्हातारी म्हणा, चालेल. मला आठ वर्षं अंधारात टांगून ठेवलं तो दोष माझा नाही, आणि ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी मी गेले. मित्रांनो, तुमच्या घरीही गाडी असेल. एकदा खाली वाका. तुमची स्टेपनी आहे का, हवा आहे का, तिच्या गालावर कुठलं साल आहे ते वाचा. दया म्हणून वाचू नका. तुमची आई त्या गाडीत बसते म्हणून वाचा.

संध्याकाळी नर्सरीत अंजना आणि शंभूराज परत आलेल्या ट्रेंमधली वाचतील ती रोपं पुन्हा भरत बसले होते. क्रांतीने मला ढकलत नेऊन त्यांच्यामध्ये उभं केलं. शंभूराज सांगत होता की फाटला त्याच्या जागी उद्या तसलाच एक आणतो, खुंट लागलं ते नशीब. क्रांतीने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग माझ्यावर हात ठेवून, अंगणातल्या कामाच्या बायका ऐकत असताना, ती बोलली.

"पप्पा, तुमी बर्फात चालवलंय, त्यातलं मला काय कळत न्हाई. पण ह्यो रस्ता आईचा हाय. मी ठरवलंय. उरलेला दातवाला उद्या उतरवायचा. मधल्या जातीचेच घ्यायचे, जाड गालाचे, आणि चार न्हाई, पाच. पोटाखाली जी ऱ्हाणार तीबी नवी आणि तसलीच. आई, दुकानात तू बोलायचंस, टायर तू निवडायचास, चालवतीयास तू. आणि पप्पा, तुमी या बरोबर. नट तुमच्यासारखं कुणालाच आवळता येत न्हाईत."