मेजरांचा रणगाडा

१९९६ च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ प्रशांत सांगलीला आठवीत नापास झाला, आणि मी कोरेगावात आठवी पास होताना वर्गात तिसरा आलो. मामीने रागाच्या भरात प्रशांतचा व्हिडिओ गेम खोक्यात भरून घराबाहेर काढला. मामाने तो उचलला, एसटीत घातला आणि बक्षीस म्हणून मला आणून दिला. ज्याच्यामुळे एक पोरगा नापास झाला ते दुसऱ्याला पास झाल्याबद्दल द्यावं, यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

अडचण वेगळीच होती. आमच्या घरी टीव्ही नव्हता. पप्पा पोस्टात होते आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत टीव्ही घ्यायचा नाही हे त्यांनी माझ्या पहिलीतच ठरवलं होतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली माझं अभ्यासाचं टेबल, आणि टेबलावर आता एक गेम, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. पप्पांनी ते सगळं उलटंपालटं करून पाहिलं. टीव्हीशिवाय हे चालत नाही असं कळल्यावर म्हणाले, "मग राहू दे. दिसायला बरं आहे."

आमच्या शेजारी हंबीरराव राहायचे. लष्करातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. आमच्याकडे सैन्यातून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, तसं त्यांनाही सगळे मेजर म्हणायचे. पण त्यांचा मान वेगळा होता, कारण मेजर रणगाड्याच्या पलटणीत होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी रणगाडा कसा चालवला ते अख्ख्या कॉलनीला पाठ होतं. त्यांच्याकडे एक ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता. तो संध्याकाळी बातम्यांना लागायचा आणि बातम्या संपल्या की त्याच्यावर विणलेला रुमाल पडायचा.

मी जाऊन सरळ सांगितलं, "मेजर, माझ्याकडं रणगाड्यांचा गेम हाय. तुमी बघितला तर बरं हुईल. बरोबर बनवलाय का न्हाई ते मला काय कळत न्हाई."

त्यांनी रुमाल स्वतःच्या हाताने काढला.

तो गेम ज्यांनी खेळला असेल त्यांना आठवेल. खाली मधोमध विटांच्या भिंतीत आपला गरुड. वरून शत्रूचे वीस रणगाडे एकामागून एक येणार. दोघांनी दोन रणगाडे चालवून ते फोडायचे आणि गरुड वाचवायचा. गरुडाला गोळी लागली की खेळ खलास. असे एकूण पस्तीस डाव होते, आणि पस्तिसावा पार केलेला माणूस प्रशांतच्याही पाहण्यात नव्हता.

पहिल्या दिवशी मेजर पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यात रणगाडा उलटा जात न्हाई. उलटं जायचं तर आधी तोंड फिरवायला लागतंय. हे चूक हाय." तरी त्यांनी रिमोट सोडला नाही. त्यांनी त्यांचा रणगाडा गरुडाच्या शेजारी नेऊन उभा केला आणि जाहीर केलं की आपण राखीव दल आहोत. शत्रू मीच मारायचा. ते वाट बघणार.

त्यातून ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही. रंगीत टीव्हीवर एक रणगाडा पिवळा आणि दुसरा हिरवा दिसायचा, इथे दोन्ही राखाडी. त्यामुळे राखीव राहायचं विसरून दोन दिवस मेजर माझाच रणगाडा आपला समजून बटणं दाबत होते आणि, "बघ, कसा ऐकतोय," असं कौतुकाने म्हणत होते. त्यांचा खरा रणगाडा तेवढा वेळ कोपऱ्यातल्या भिंतीला धडका देत होता. तिसऱ्या दिवशी मी ते समजावून सांगितलं. त्यांनी आपल्या रणगाड्याचं तोंड गरुडाकडे फिरवलं आणि अंदाज घ्यायला म्हणून एक गोळी झाडली. भिंत फुटली. दुसरी गोळी गरुडाला लागली. आमचं मुख्यालय मेजरांनी स्वतःच उडवलं होतं.

"लढाईत असं होतं कधी कधी," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी, बायडाकाकी, मागे बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कुणाल, तू एकटाच खेळ बाबा. लवकर संपंल."

पप्पांना मी सांगितलं होतं की मेजरांकडे शिस्त शिकायला जातो. ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या गोळीने चुकून मेजरांचा रणगाडा जागच्या जागी गोठला की ते मला उभं करून, आपल्या माणसावर गोळी घालण्याबद्दल सैन्यात काय शिक्षा असते ते सांगायचे. बातम्यांची वेळ हळूहळू मागे पडली. काकींनाही सवय झाली. पडद्याच्या उजवीकडे उरलेल्या शत्रूंची छोटी चित्रं असायची, ती मोजायचं काम त्यांनी न सांगता घेतलं. "अजून सात हायत," त्या सुपातून डोकं वर न काढता म्हणायच्या. "वरनं डावीकडं एक आला बघ." जुलैपर्यंत आम्ही अकराव्या डावाला पोचलो.

मग एका संध्याकाळी वीज कमीजास्त झाली आणि गेमचा ॲडॅप्टर जळाला. साताऱ्यात दोन दुकानं पालथी घातली. दोघांनीही सांगितलं की असला ॲडॅप्टर जिथून गेम घेतला तिथेच मिळेल. म्हणजे सांगलीला.

"घरी मामाकडं जातो म्हण," मेजर म्हणाले. "मी तुज्यासंगं येतो. एकट्या पोराला कसं सोडायचं."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. मेजरांनी ठेवणीतला सफारी घातला होता आणि जळालेला ॲडॅप्टर रुमालात बांधून खिशात ठेवला होता. वाटेत त्यांनी समोरच्या बाकावरच्या मंडळींना एकाहत्तरची लढाई ऐकवली. ताकारी येईपर्यंत डब्यातली माणसं त्यांना चहा देत होती.

मामा हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कामाला होता. पेठेच्या फाटकाशी पोत्यांच्या गाड्या लागल्या होत्या आणि हवेत हळदीची पूड इतकी होती की मेजरांच्या मिशा पिवळ्या व्हायला लागल्या. फाटकावर खाकी कपड्यातला एक बुटका रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याने मेजरांकडे पाहिलं, परत पाहिलं, आणि स्टूल पाडून उभा राहिला.

"उस्ताद," तो म्हणाला. "वळखलं न्हाई व्हय? मी नानासो. पलूसचा."

मेजरांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दहावीच्या पेपरात पुस्तकासकट पकडलेल्या पोरासारखा.

नानासोंनी त्यांना मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नातू का? पोरा, तुज्या आज्याच्या हातची पुरी अजून माज्या जिभंवर हाय. आमच्या लंगरचा राजा होता ह्यो. सव्वाशे माणसांचा स्वयंपाक, पण मीठ कधी इकडचं तिकडं न्हाई."

"पुरी?" मी म्हणालो.

"पुरी, बटाट्याचा रस्सा, डाळ. रणगाडं आमी चालवायचो, पण पोटात ह्येचं इंधन." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसत खाली बसले. "एकदा लय मागं लागला, मला बसवा म्हणून. बसवला. चाळीस फूट नेला आणि सोताच्याच लंगरच्या तंबूवर घातला. त्या दिवशी आमी सगळे बिस्किटावर होतो."

मेजर हळू आवाजात म्हणाले, "नानासो, ॲडॅप्टरचं दुकान कुठं हाय?"

दुकान सापडलं, ॲडॅप्टर मिळाला, मामाकडे जेवण झालं. परतीच्या गाडीत मेजर खिडकीशी बसले. समोरच्या बाकावर माणसं होती, पण लढाई निघाली नाही. भिलवडी गेलं, किर्लोस्करवाडी गेली.

"कुणाल," ते शेवटी म्हणाले. "पहिल्यांदा सुट्टीवर आलो तवा गावानं इचारलं, कुठली पलटण? मी म्हटलं, रणगाड्याची. ह्यात खोटं काय हाय?"

"न्हाई."

"रणगाड्यात मला लोकांनी बसवलं. मी फकस्त उतरलो न्हाई." त्यांनी खिशातून ॲडॅप्टर काढून पाहिला, परत ठेवला. "एकदा का बसलं की उतरायचं कवा, ते कळत न्हाई गड्या. लोकं चहा देत्यात."

"काकींना ठावं हाय?"

"तिला कळलं तर मला स्वयंपाकघरात घालंल."

मी शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही. मला त्यांचा राग आला नव्हता. उलट ते अकरा डाव गरुडाशेजारीच का थांबून राहिले ते मला आता कळलं होतं. त्यांच्या मनात ती भीती असणार की पुढे गेलो आणि जमलं नाही तर माणसं काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मेजर, आज तुमी पुढं व्हा. मी राखीव." ते पुढे गेले. सहा शत्रू मारले, तीन वेळा मेले, एकदा माझ्यावर गोळी झाडली आणि शिक्षेबद्दल काही बोलले नाहीत. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शपथ मी चार दिवस पाळली.

पाचव्या दिवशी गोकुळाष्टमीची सुट्टी होती. काकींच्या मनगटाचा सांधा सुजला होता. पुण्याहून त्यांची भाची पिंकी नवऱ्याला घेऊन संध्याकाळी येणार होती. काकी परातीपुढे बसल्या आणि हात चोळत म्हणाल्या, "आता एवढी कणीक कोण मळणार?"

आम्ही तेराव्या डावात होतो. माझं सगळं लक्ष पडद्यावर होतं.

"मेजर मळतील की," मी म्हणालो. "सव्वाशे माणसांची मळायचे."

बोललो आणि माझा अंगठा बटणावरच राहिला. मेजरांच्या रणगाड्याने जागच्या जागी एक गोल फेरी मारली आणि गरुड उडवला.

काकी माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी मला एकेक प्रश्न विचारला आणि मी एकेक उत्तर दिलं. पेठेचं फाटक, नानासो, पुऱ्या, तंबू. मेजर पडद्याकडे बघत होते, जिथे खेळ संपल्याची अक्षरं वर सरकत होती.

"म्हंजे रणगाडा न्हवता," काकी म्हणाल्या.

"चाळीस फूट होता," मेजर म्हणाले.

"रणगाड्याचं मला काय करायचंय? त्यो काय मी पुसायला जाणार होते?" काकींचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती. "रिटायर होऊन अकरा वर्सं झाली. मला टायफॉईड झाला तवा शेजारनं डबा आला. माझी कंबर धरली तवा तुमी फरसाण खाऊन बसला. आणि तुमास्नी पुरी येती?"

"येती."

"उठा मग."

मेजर उठले. सफारीच्या बाह्या दुमडाव्यात तशा त्यांनी बंडीच्या नसलेल्या बाह्या दुमडल्या आणि परातीपुढे बसले. मग जे सुरू झालं ते मी दारातून पाहिलं. त्या माणसाचे हात वेगळेच होते. रिमोटवर अडखळणारी बोटं पिठात एकदम तरुण झाली. कणीक तिंबताना त्यांना बघावंही लागत नव्हतं. अडचण एकच होती. त्यांना चार माणसांचा अंदाज येईना. "पन्नासाच्या खाली माजा हात बसत न्हाई," असं म्हणत त्यांनी घरातले सगळे बटाटे काढले, मग आमच्या घरचे मागवले, मग समोरच्या बनुबाईंचे. पिंकी आणि तिचा नवरा आले तेव्हा अंगणात तीन चुली पेटल्या होत्या.

काकी टीव्हीसमोर येऊन बसल्या. सुजलेला हात मांडीवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने मेजरांचा रिमोट उचलला, मग दोन्ही हातांत नीट धरला. "हितनं पुढं जातंय ना? आणि हितनं गोळी?"

"काकी, हात दुखतोय ना?"

"मनगट दुखतंय. अंगठं बरं हायत."

तीन महिने तांदूळ निवडता निवडता त्यांनी प्रत्येक डावातली प्रत्येक वाट पाहून ठेवली होती. शत्रू कुठून निघतो, कुठे वळतो, कुठल्या भिंतीआड थांबतो, सगळं. त्या उगाच गोळी झाडत नसत. तेरावा डाव पहिल्याच खेपेत पार झाला. चौदावा, पंधरावा. बाहेरून तेलाचा वास येत होता. पिंकीचा नवरा आमच्या मागे येऊन बसला आणि जाईना. विसाव्या डावाला बनुबाई आल्या. एकोणिसाव्यात मी मेलो होतो आणि काकींनी एकटीने उरलेले नऊ मारले होते, ते त्यांना पिंकीने रंगवून सांगितलं.

सव्विसाव्याला पप्पा आले. बाहेर मेजरांनी त्यांच्या हातात पुऱ्यांचं ताट दिलं होतं, म्हणून ते रागावले होते तरी त्यांना ते दाखवता येत नव्हतं. ते दारात उभे राहून जेवले. मी मागे वळून बघितलं नाही.

"हीच का शिस्त?" पप्पा म्हणाले.

"आवं भाऊ, बाजूला व्हा," काकी म्हणाल्या. "उजेड अडतोय."

पप्पा बाजूला झाले आणि रस्सा घ्यायला परत बाहेर गेले. परत आले तेव्हा ते बसले.

पस्तिसावा डाव संपायला आला तेव्हा खोलीत पंधरा माणसं होती आणि कुणी चावतानाही आवाज करत नव्हतं. शेवटचा शत्रू काकींनी मारला. पडदा करडा झाला, गुण आले, आणि मग तीच पहिली भिंत, तोच पहिला डाव, तेच वीस रणगाडे.

"हे मघाशी झालं की," काकी म्हणाल्या.

"संपलं काकी. पस्तीसच असतात. आता परत पहिल्यापासनं."

मेजर झारा घेऊन दारात आले होते. घामाने बंडी भिजली होती, मिशांना पीठ लागलं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "एवढं मारून परत तेवढंच?"

"भांडी घासत्यात तसं हाय," काकी म्हणाल्या. "तुमास्नी बी कळंल आजपासनं. जावा, तेल तापलंय."

मेजर गेले. पप्पांनी घड्याळात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "फक्त रविवारी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी काकींना विचारलं की आपला रणगाडा नेमका कुठल्या बटणाने वळतो.