लेकीला झोपवणारा सदरा

मी एक जुना सदरा आहे. निळ्या चौकड्यांचा, कोपरावर ठिगळ लावलेला. शिंप्याने मला शिवले तेव्हा माझ्या मालकाचे नवे लग्न झाले होते. बाजारात, पाहुण्यांकडे तो मलाच घालून मिरवायचा. मित्रांनो, कौतुक मलाही आवडायचे.

पुढे त्याला मुलगी झाली. शेजारची काकू म्हणायची, "पोर कसली, बापाचं शेपूटच आहे नुसतं!" तो शेतात गेला की दुपारी ती झोपायचीच नाही. एकदा आईने मला खुंटीवरून काढून तिच्या कुशीत दिले. पोरीने माझी कॉलर तोंडात धरली आणि डोळे मिटले.

"घ्या! म्हणजे आता माझी गरजच नाही," संध्याकाळी हे ऐकून मालक हसला.

"तुम्ही घोरता. सदरा घोरत नाही," आई म्हणाली.

ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

मग माझा रंग उडाला आणि मी फवारणीचा सदरा झालो. मालकाच्या पाठीवरचा पंप गळायचा, वाऱ्याने कीटकनाशकाचे तुषार उलटे यायचे, मी भिजून जायचो. घरी आल्यावर तो मला खुंटीला टांगायचा, साबण लावून अंघोळ करायचा आणि मगच लेकीला उचलायचा.

"सदरा धुवायला टाकू का?" आईने विचारले.

"उद्या परत तेच करायचंय. फवारणी संपली की धू एकदाच."

मी वाळलो की माझा वास ओसरायचा. वास गेला म्हणजे विष गेले, असे त्या दोघांना वाटे.

एके दुपारी मालक जेवून, दुसरा सदरा घालून पुन्हा शेतात गेला. पोर किरकिर करत होती. आईचा हात सवयीने खुंटीकडे गेला. मी कोरडा होतो. मला बोलता आले असते तर!

थोड्या वेळाने पोरीच्या तोंडातून लाळेची धार लागली, हातपाय थरथरू लागले. आईने तिला माझ्यातच गुंडाळून दवाखाना गाठला. लाळेने भिजल्यावर माझा वास पुन्हा उठला होता. नर्सने मला झटकन दूर फेकले.

"अहो ताई, फवारणीचा सदरा ना हा? लेकराला कशाला दिलात?"

"तिला झोप येत नव्हती हो," एवढेच आई म्हणाली.

पोर वाचली. पण पूर्वी दिवसभर 'बाबा, बाबा' करणारी ती आता गप्प असते. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा.

मी आता शेतातल्या खोपटात टांगलेला असतो. मालक इथेच अंघोळ करून कपडे बदलतो. काल आई लेकीला घेऊन आली. लेकीने त्याच्याकडे हात पसरले. त्याने आपले तळवे हुंगले.

"हात धुऊन येतो."

"आत्ताच तर धुतलेत."

"पुन्हा धुतो," म्हणून तो पाठमोरा झाला.

मित्रांनो, फवारणीचे कपडे कोरडे दिसले तरी घरात येऊ देऊ नका. ते वेगळे ठेवायला आणि वेगळे धुवायला सांगा. आणि तुमचे धाकटे भावंड वडिलांसाठी रडत असेल, तर त्याच्या हाती सदरा देऊ नका. तुम्हीच त्याच्याशेजारी जाऊन आडवे व्हा.