कुमाच्या हातातली पाटी

ऑगस्ट अर्धा सरला तरी वेद्रानाच्या हॉस्टेलातल्या आठ खाटांवरच्या चादरींची घडी मोडली नव्हती. खिडकीखालच्या गल्लीतून पाठीवर बोजे घेतलेली प्रवासी पोरं रोज जात होती, पण कोतोर गावभर फिरून तिच्या दाराशी कुणी थांबत नव्हतं. हंगाम असाच गेला तर हिवाळ्याआधी कुलूप लावावं लागणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ही सासूबाईंची ताकीद. नवरा जहाजावर. म्हणून बसस्थानकावर हॉस्टेलची पाटी धरून उभं राहायचं काम स्लाव्कानं घेतलं होतं. स्लाव्का तिची कुमा. लग्नात साक्षीला उभी राहिलेली, आणि येत्या रविवारी चाळीस दिवस पुरे झाले की छोट्या वूकला चर्चमध्ये हातावर घेणारी धर्ममाता. सख्खी बहीण दुखावली तर चालेल, कुमाला नाही म्हणू नये, असं सासूबाई म्हणायच्या.

"येतील गं," रोज संध्याकाळी कॉफी पिताना स्लाव्का म्हणायची. "यंदा सगळे बुद्वाच्या किनाऱ्याला पळतायत. तू काळजी करू नकोस, दूध आटेल."

सोमवारी, चौतिसाव्या दिवशी, भर दुपारी दारात हालिना उभी. ही पोलंडची पोरगी गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे राहून गेली होती. हातात लिंबं आणि मधाची बरणी.

"आत नाही येत," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "बाळाचा खोकला कसा आहे?"

"कुठला खोकला?"

"डांग्या. तुझी पाटी घेऊन त्या बाई उभ्या असतात ना, त्यांनी सांगितलं. हॉस्टेल बंद आहे, माझ्या बहिणीकडे चला म्हणाल्या. आम्ही सहाजण तिथंच उतरलोय. आधी आलेलेही तिथंच आहेत."

वेद्रानानं पहिल्यांदा बाळाच्या छातीला कान लावला. श्वास स्वच्छ होता. तरी पुन्हा लावला. रिकाम्या खाटांचा राग नंतर आला. आधी आला तो त्या आजाराच्या नावाचा. ज्या तोंडानं रविवारी ह्याच्यासाठी देवाला शब्द द्यायचा, त्याच तोंडानं बाई गाडीगणिक ह्याला आजारी पाडत होती.

संध्याकाळी स्लाव्का आली. पाटी भिंतीला टेकवली, हात धुतले आणि पुढे केले. "दे बघू माझ्या राजाला."

वेद्राना मागे सरकली. "नको, कुमा. लागण होईल."

"कसली?"

"डांग्या खोकल्याची. तूच सांगतेस ना सगळ्यांना."

स्लाव्काचे हात तसेच राहिले. तिची नजर टेबलावरच्या लिंबांवर गेली.

"बहिणीचं घर ओस पडलं होतं गं," ती म्हणाली. "तुला काय, नवरा कमावता आहे." मग जरा सावरून, "आणि रविवारी एवढी माणसं येतील, त्यांना काय सांगशील?"

"आजारी लेकराला चर्चमध्ये नेत नाहीत, हे."

कॉफी उतू जाऊन शेगडीवर पसरली. कुणी उठलं नाही. मग स्लाव्काच उठली आणि दार न लावता गेली.

वेद्रानानं वूकला छातीशी बांधलं, पाटी काखेत मारली, आणि सासूबाई आतून काही म्हणायच्या आत उंबरा ओलांडला. सातच्या बसला अजून दहा मिनिटं होती.