मोडलेल्या धनुष्याची हाक

मी एक जुने, दोन तुकडे झालेले धनुष्य आहे. मित्रांनो, माझ्यावर बाण कधीच चढला नाही. उत्तर जपानातल्या हिनोसे गावात आंधळी नुईआजी बांबूच्या काडीने माझी दोरी वाजवायची आणि तळमळणाऱ्या मृतात्म्याला नावाने हाक मारायची. तो तिच्या तोंडून मनातले बोलायचा, मोकळा होऊन परत जायचा. माझे फार कौतुक होई.

एका उन्हाळ्यात सरदाराने कालव्याचे पाणी किल्ल्यातल्या तळ्याकडे वळवले. भाताची रोपे करपली. गावचा मुखिया योसोबेई दाद मागायला थेट सरदारापुढे गेला, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या नावावरही बंदी आली.

महिन्याभरात किल्ल्यावर वीज पडली. सरदाराचा मुलगा तापाने फणफणला. हा योसोबेईच्या आत्म्याचा कोप, असे सारे म्हणू लागले, तेव्हा सरदाराचा कारभारी मागोदायू आमच्या अंगणात आला. सारा गाव जमला.

"म्हातारे, त्या आत्म्याला शांत कर. पण नाव घ्यायचं नाही."

"मग हाक कशी मारू? यू यू करून?"

लोक खुदकन हसले.

"जीभ आवर! हे धनुष्य मोडून टाकीन."

"मोडा की! मग पोराचा ताप तुम्हीच उतरवा."

नुईआजीने माझी दोरी छेडली आणि खणखणीत ओरडली, "योसोबेई, ये रे!"

 मग आजीच्या गळ्यातून जाड, पुरुषी आवाज आला, "आधी पाणी सोडा. मग मी जातो."

योसोबेईची बायको ताझू ताडकन उठली. "हाच! हाच त्यांचा आवाज!"

मागोदायूने मला हिसकावले आणि गुडघ्यावर मोडले. माझी दोरी तुटली, पण हाक थांबली नाही. ताझूने नाव घेतले, मग शेजाऱ्यांनी, मग साऱ्या गावाने. मागोदायू कानांवर हात ठेवून घोड्याकडे पळाला.

तिसऱ्या दिवशी सरदाराने कालव्याचे दार उघडले. मुलाचा ताप उतरला. पुढे गावाने योसोबेईचे छोटे देऊळ बांधले, दगडावर त्याचे नाव कोरले आणि मला आत ठेवले.

हल्ली देवळाचा पुजारी म्हणतो, "बिचारं! सरस लावून जोडू या."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला वाळवीपासून जपा. पण मला जोडू नका. मला कुणी आणि का मोडले, हे तुमच्या मुलांना दिसू द्या. आणि बाहेरच्या दगडावरचे नाव मोठ्याने वाचा.