फरशीखालचा व्हॉल्व्ह

"राजानंद, व्हॉल बंद कर की आधी!"

दैवशाला ओरडली तेव्हा तिचा दीर विजार गुडघ्यापर्यंत वर ओढून, फुटलेल्या पाइपावर टॉवेल दाबत नव्या पोर्चमध्ये उभा होता. परतुरात नळ येतो तो आठवडा उलटल्यावर. आधी तोटीतून नुसती हवा सूंसूं करते आणि गल्लीतल्या बायका हंडे घेऊन सावध होतात. आज हवा आली, पाणी आलं आणि भिंतीलगतचा पाइप फाट्‌कन फाटला.

"व्हॉल फरशीखाली हाये, वहिनी."

"ते मला म्हाईत न्हाई व्हय? मी बोल्ले तव्हा काय म्हनला तू? तुम्हाला त्यातलं काय कळतं!"

तो व्हॉल्व्ह तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, हयात असताना बसवला होता. पुढं राजानंदनं गाडी घेतली, गाडीसाठी पोर्च उंचावला आणि झाकण वाईट दिसतं म्हणून व्हॉल्व्हवर अखंड फरशी ठोकली. चकाकीला त्याचा हात सैल, नाली काढायची म्हटली की आखडता. सगळा उतार दैवशालाच्या एका खोलीकडं गेला. एकटी भावजय, बोलून बोलून किती बोलेल, असा त्याचा हिशेब.

पाणी तिच्या उंबऱ्यावरून आत शिरलं होतं. आत जमिनीवर ज्वारीची पोती होती.

शेजारची गोजरबाई हंडा घेऊन कारंज्याखाली आली. "सरक गं जरा. वाहूनच चाललंय तर भरून घेते."

"भर, बाई, भर. माझी ज्वारी बुडू दे, तुझा हंडा भर!"

"वहिनी, फरशीला हात लावायचा न्हाई," राजानंद म्हणाला. "प्लंबरला फोन करून राह्यलो. अन् ज्वारीचं काय एवढं? मी आणून देतो की दुसरी."

"तू आणून देणार?" दैवशालाचा आवाज एकदम खाली आला. "उन्हातान्हात काढणीला जाऊन आणली मी ती."

न्हाणीमागून तिनं पहार आणली. जागा शोधावी लागली नाही. पहिल्या घावाला नुसता पांढरा ओरखडा उठला.

"अहो, धरा की त्यांना!" राजानंदची बायको उषाबाई दारातून किंचाळली. पण पहार घेतलेल्या ओल्याचिंब बाईला धरायला कुणाचा हात पुढं होईना. पुढच्या घावाला फरशी तडकली. दैवशालानं कोपरापर्यंत हात आत घातला, चिखलात चाचपून चावी आवळली. कारंजं बसलं.

"अर्धाच राह्यला, बाई," गोजरबाई हंड्यात बघत पुटपुटली.

राजानंद गाडी घेऊन कामावर गेला. ऊन तापल्यावर दैवशालानं पोती फरफटत बाहेर आणली आणि भिजलेली ज्वारी पोर्चमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. खालच्या दाण्यांना आंबूस वास सुटला होता. ते तिनं वेगळे काढले नाहीत.

दिवस कलता गाडी दाराशी आली. सवयीनं हॉर्न वाजला. दैवशाला हातानं ज्वारी खालीवर करत राहिली, मान वर केली नाही.

थोड्या वेळानं राजानंदनं गाडी गल्लीतच लावली. मग बूट काढून हातात घेतले आणि एकही दाणा पायाखाली न येऊ देता, भिंतीला अंग घासत तो घरात गेला.