बयाबाईचा घास

लेखिकेची खोली कशी असते, असं मला एकदा पुण्यात एका कार्यक्रमात विचारलं होतं. मी सरळ थापा मारल्या. खिडकी, बाहेर जास्वंद, पहाटेची शांतता वगैरे. खरं सांगायचं तर मी नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढं, आमच्या मळ्यात, फवारणीच्या पंपाच्या खोलीत बसून लिहिते. एका कोपऱ्यात पंप, दुसऱ्यात बियाण्याच्या पिशव्या, मध्ये माझं टेबल. औषधाचा वास येतो, पण दोन पुस्तकं त्याच वासात झाली, त्यामुळं तक्रार नाही.

त्या खोलीच्या भिंतीवर मी दर पाडव्याला चुन्यानं वर्षाचा संकल्प लिहिते. सात वर्षांपूर्वी लिहिलं, ‘यंदा तिसरी कादंबरी पूर्ण करणे.’ पुढच्या वर्षी लिहिलं, ‘रोज दोन पानं, विशेषणं कमी, फोनवरच्या गप्पा बंद.’ तिसऱ्या वर्षी परत ‘कादंबरी पूर्ण करणे’ आणि खाली दोन रेघा. त्यानंतर मला माझीच लाज वाटायला लागली आणि मी नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहीत गेले. आमचे यादवराव भिंतीकडं बघून म्हणाले होते की, एवढ्या चुन्यात गोठा रंगवून झाला असता. नवरा म्हणून माणूस चांगला आहे, वाचक म्हणून त्यांना मी मोजत नाही.

माझी वाचक म्हणजे अक्काबाई, माझी थोरली जाऊ. तिला अक्षर येत नाही, कान मात्र असा की बघत राहावं. दुपारी दोनला फुलं तोडून झाली की ती पंपाच्या खोलीच्या दारात गोणपाट टाकायची, पुढ्यात झेंडूचा ढीग घ्यायची आणि हार ओवता ओवता म्हणायची, वाच. मी वाचायची. एक खर्डा वाचून व्हायला तीन-चार महिने लागायचे. मग मी तो फाडून, खोडून, लाल पेनानं रक्तबंबाळ करून पुन्हा लिहायची आणि पुन्हा वाचायची. असे सहा खर्डे तिनं ऐकले. कुठल्या खर्ड्यात कोण काय बोललं होतं हे मला आठवायचं नाही, तिला आठवायचं.

कादंबरीत एक बयाबाई होती. तिचा नवरा एका सकाळी गाडीनं गेला तो परत आलाच नाही. ती रोज डबा घेऊन इगतपुरी स्टेशनच्या बाकावर बसते, धुकं येतं, गाड्या येतात, घाट उतरून जातात, ती बसून राहते. सगळी मिळून ऐंशी पानं.

आता खरं काय ते सांगून टाकते. आमचे थोरले दीर खंडेराव, म्हणजे अक्काचा नवरा, एकोणीस वर्षांपूर्वी मनमाडला एका माणसाला भेटून येतो म्हणून सकाळच्या गाडीनं गेले. आलेच नाहीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, यादवरावांनी तीन वर्षं स्टेशनं पालथी घातली.  अक्का मात्र अजून रोज रात्री त्यांच्या वाटणीची भाकरी ताटलीखाली झाकून ठेवते आणि सकाळी गाईला घालते. मी मनमाडचं इगतपुरी केलं, अक्काबाईची बयाबाई केली आणि मोठं कल्पनेचं काम केल्यासारखी बसले. मला वाटलं, हिला काय कळणार. काय हा माझा शहाणपणा!

तिनं कधी बोलून दाखवलं नाही. सुधारणा मात्र सुचवल्या. पहिल्या खर्ड्यात बयाबाईच्या डब्यात भाकरी होती. अक्का म्हणाली, दिवसभर ठेवायची तर भाकरी कडक होईल, तिला दशमी दे. मी दशमी दिली. बाक उन्हात होता, तो तिनं सावलीत घ्यायला लावला. आणि दर खर्ड्याला, बयाबाईचं शेवटचं प्रकरण आलं की सुईतला दोरा ओढत एकच विचारायची, “या खेपेला उठली का गं ती?” मी हसून सांगायची, नाही हो अक्का, ती उठली तर मग दुःख कुठं राहिलं. त्यावर ती हार उचलायची आणि फुलं मोजल्यासारखं करायची.

सहा वर्षं अशा दुपारी गेल्या. झेंडूचा तो वास डोक्यात चढतो, ऊन पिवळं होतं, वाचता वाचता आपण वाचतोय की झोपेत बोलतोय ते कळेनासं होतं. मला कित्येकदा बयाबाई बांधावरून येताना दिसायची, हातात डबा, पदर कानामागं. मी डोळे चोळायची. एकदा सहज वर बघितलं तर अक्का गोणपाटावर थोडी सरकून बसली होती, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. मी पुढचं वाक्य वाचलं.

यंदा श्रावणात दिशाचा फोन आला. दिशा म्हणजे पुण्याच्या प्रकाशनातली माझी संपादक, तीस-बत्तीस वर्षांची, गोड बोलून गळा कापणारी. ती म्हणाली की कादंबरी छान आहे, फक्त बयाबाई काढा. ती नुसती बसून राहते, तिच्यामुळं सगळी कादंबरीच बसते. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ऐंशी पानं बाजूला काढून वाचलं आणि कादंबरी धावायला लागली. कार्टी बरोबर बोलत होती, याचाच जास्त राग आला.

सातवा खर्डा मी अक्काला तसाच वाचून दाखवायला घेतला, बयाबाईशिवाय. मुद्दाम काही सांगितलं नाही. पंधरा दिवस ती वाट बघत राहिली. मग एका दुपारी तिनं हात थांबवून विचारलं की ती स्टेशनातली बाई कधी यायची. मी म्हटलं, काढली अक्का, गरज नव्हती तिची. बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. अक्कानं सुई गोणपाटात टोचून ठेवली, म्हणाली, “मंग गेली म्हनायची ती,” आणि अर्धा हार तिथंच टाकून उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती हार ओवायला पलीकडच्या पडवीत बसू लागली. मी रिकाम्या दाराकडं बघून दोन प्रकरणं मोठ्यानं वाचली. मग कागद मिटून ठेवले. हस्तलिखित घटस्थापनेपर्यंत पाठवायचं दिशाला कबूल केलं होतं, आणि मला एक वाक्यसुद्धा बरोबर आहे की चूक ते कळेना.

त्याच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवसापासून नवरात्र, झेंडूला मरणाची मागणी, घरात सगळ्यांना लवकर जेवून बाजार गाठायची घाई. सकाळपासून खीर, वडे, कढी, गवार, भोपळा असा स्वयंपाक झाला. यादवरावांनी गच्चीवर घास नेऊन ठेवले, पाणी फिरवलं आणि कावळ्यांना हाका मारल्या. आमच्याकडं चार घास असतात. सासरे, सासूबाई, लहानपणी गेलेली नणंद, आणि चौथा ज्याचं कुणी नाही त्याचा. खंडेरावांचा घास कधी ठेवला नाही. कोण ठेवणार? माणूस गेला असं कुणी म्हटलंच नाही, आणि अक्काच्या समोर म्हणायची कुणाची छाती होती.

थोड्या वेळानं यादवराव खाली आले आणि चिडून म्हणाले की, वर पाचवी पत्रावळ आहे आणि ती कुणाची ते अक्का सांगत नाही. मी वर गेले. अक्का टाकीच्या सावलीत बसली होती. पुढ्यात चार रिकाम्या पत्रावळी, कावळे खाऊन गेलेले. पाचवी भरलेली, तिच्यात खिरीच्या शेजारी एक दशमी. ती दशमी बघितली आणि कुणाची पत्रावळ ते मला कळलं.

“बयाबाईचा हाय,” अक्का म्हणाली. “तिला दुसरं कोन घालनार?”

मला हसू यायला हवं होतं. मी पदवीधर बाई, दोन पुस्तकांची लेखिका, मी या असल्या गोष्टी मानत नाही असं व्याख्यानात सांगते. मी तिच्या शेजारी बसले. आज नाशकातले निम्मे कावळे रामकुंडावर जेवायला गेलेले असणार. तरी शेवग्यावर एक होता. तो मान वाकडी करून दशमीकडं बघायचा आणि तिथंच बसायचा. खाली ओमच्या, माझ्या मुलाच्या, पोटात कावळे ओरडत होते आणि वर खरा कावळा जागचा हलत नव्हता. सगळ्या घासांना कावळा शिवल्याशिवाय घरात जेवायला बसत नाहीत, त्यामुळं तासभर सगळे ताटकळले.

ऊन डोक्यावर आलं. खाली झेंडूची शेतं पिवळी, त्यावर गरम हवा थरथरत होती. मला त्या हवेत स्टेशन दिसायला लागलं, बाक दिसायला लागला. अक्का म्हणाली, “तिची कायतरी इच्छा राहिली. तू बोल. तूच मारली तिला.”

मी इकडंतिकडं बघितलं. शेजारच्या गच्चीवर कुणी नव्हतं. मग हळूच म्हटलं, बयाबाई, तुला कादंबरीत परत घेते. कावळा ढिम्म. मी म्हटलं, दिशाशी भांडते, ऐंशीच्या ऐंशी पानं घालते. कावळ्यानं पंख झटकले आणि पुन्हा बसला. मग मी मोठी बोली लावली. तुझ्यावर वेगळी कादंबरी लिहिते, पाडव्याचीही वाट बघत नाही, आजच भिंतीवर संकल्प लिहिते. कावळा उडाला, गच्चीवरून एक चक्कर मारली आणि परत शेवग्यावर जाऊन बसला. मला रडायला यायला लागलं. एका कावळ्यानं माझा खर्डा परत केला होता.

“तिला काय तुझं पुस्तक पायजे का?” अक्का म्हणाली.

मी विचारलं, मग काय पाहिजे तिला.

अक्का पत्रावळीकडं बघत होती. “लय वर्सं झाली, दर खेपेला विचारते मी तुला. उठली का, उठली का. तू तिला दशमी दिली, सावली दिली. उठू काय दिलं नाय.”

 मला तोंडात मारल्यासारखं झालं. सहा खर्डे लिहिले, शब्द बदलले, धुकं बदललं, गाड्यांच्या वेळा बदलल्या, आणि ती बाई तिथंच बसलेली मला बरी वाटत होती. तिच्या बसण्यातून माझं पुस्तक होत होतं. तिचे पाय अवघडले असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि ज्या बाईनं मला हे विचारलं ती रोज माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून हार ओवत होती. मी अक्काचा हात धरला. तो झेंडूनं पिवळा पडलेला होता, कायमचाच.

मग मी नीट बसले आणि मोठ्यानं बोलले. खाली ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. म्हटलं, “बयाबाई, तुझी वाट बघून झाली. तो येत नाही. त्यात तुझी काही चूक नाही. डबा उचल आणि ऊठ. घरी जा.”

शेवग्यावरून कावळा कधी निघाला ते मी बघितलं नाही. डोळे पुसले तेव्हा तो पत्रावळीवर होता, दशमीचा तुकडा चोचीत धरून. अक्का त्याच्याकडं बघत राहिली. तो उडून गेला तरी ती त्या जागेकडं बघत होती. मग तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि उठली. मला वाटलं, आता खाली जाऊन सगळ्यांना वाढेल.

ती वर परत आली तेव्हा तिच्या हातात सहावी पत्रावळ होती. भात, कढी, दोन वडे आणि गवारीची भाजी जरा जास्त, कारण खंडेरावांना गवार आवडायची. मागं जिन्यात यादवराव येऊन उभे होते. ते पुढं आले नाहीत. अक्कानं चार पत्रावळींच्या शेजारी थोडी जागा केली, ही ठेवली आणि हातानं पाणी फिरवलं.

“हे ह्यांचं,” ती म्हणाली.

तिची पाठ सरळ व्हायच्या आत कावळा आला. एक नाही, दोन आले, आणि वड्यावरून भांडायला लागले. यादवराव जिन्यात खाली बसले आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. अक्का रडली नाही. तिनं पदरानं हात पुसले, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “चल, जेवू. भूक लागली मला.”

आम्ही जेवलो. त्या रात्री तिनं भाकरी झाकून ठेवली नाही.